प्रेमकथा, पुनर्कथन की कॉमिक्स: पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

इंग्रजीतील यंग अडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या, पुस्तकांकडे नव्याने वळणाऱ्या वाचकासमोर सहसा तीन प्रकार येतात: शाळकरी वयातील प्रेमकथा, जुन्या मिथकांचे किंवा परीकथांचे पुनर्कथन, आणि कॉमिक्स. तिन्हींचा वाचकवर्ग बराचसा एकच आहे आणि तिन्हींच्या केंद्रस्थानी बहुधा दोन तरुण माणसांचे एकमेकांवर जडणारे प्रेम असते; त्यामुळे कोठूनही सुरुवात केली तरी चालेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. या तिन्ही प्रकारांत कथेचा शेवट वाचकाला आधीच बऱ्याच अंशी ठाऊक असतो, आणि वाचकाच्या या माहितीचा उपयोग प्रत्येक प्रकार निराळ्या रीतीने करून घेतो. आपल्याला यांपैकी काय रुचेल हे ओळखले की निवड पुष्कळ सोपी होते. त्या दृष्टीने पाच कृती येथे शेजारी ठेवून पाहिल्या आहेत.

प्रेमकथेसाठी जेनी हॅन यांची 2014 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर’ ही कादंबरी घेऊ. सोळा वर्षांची लारा जीन, जिची दिवंगत आई कोरियन वंशाची होती, मनातून उतरवून टाकायच्या प्रत्येक मुलाला एक पत्र लिहिते आणि ते न पाठवता टोपीच्या डब्यात ठेवून देते. एके दिवशी ती पाचही पत्रे टपालात पडतात. त्यातील एक पत्र थोरल्या बहिणीच्या माजी प्रियकराला लिहिलेले असल्यामुळे अब्रू वाचवण्यासाठी ती पीटर या मुलाबरोबर प्रेमाचे नाटक करण्याचा करार करते. या नाटकाचे पुढे काय होणार, हे पहिल्या पन्नास पानांतच कोणीही सांगू शकेल, आणि लेखिकेलाही ते लपवायचे नाही. प्रेमकथेच्या वाचकाला शेवटाची हमी हवी असते, कारण ती हमी असली की त्याचे लक्ष छोट्या गोष्टींकडे वळते: कोण कोणाच्या गाडीतून शाळेत गेले, जेवणाच्या सुट्टीत कोण कोणाशेजारी बसले. माझ्या मते या कादंबरीचा खरा जीव तीन बहिणींच्या घरात आहे, पीटरमध्ये नाही. धाकटी किटी पानावर आली की प्रसंग एकदम ताजा होतो. ज्यांना घरगुती वातावरण, हलका विनोद आणि सरळ निवेदन हवे आहे त्यांनी येथून सुरुवात करावी. ज्यांना कथेत काही मोठे पणाला लागलेले हवे असेल, त्यांना मात्र ही कादंबरी शंभर पानांत सपक वाटू लागेल, आणि त्यात त्यांच्या आवडीचा दोष नाही.

पुनर्कथनांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तेथे वाचकाला मूळ कथा माहीत असणे ही लेखकाची गरजच असते. मारिसा मायर यांच्या 2012 च्या ‘सिंडर’मध्ये सिंड्रेला ही नवे बीजिंग नावाच्या भविष्यातील शहरात यंत्रदुरुस्ती करणारी मुलगी आहे, तिचा एक पाय आणि एक हात धातूचे आहेत, सावत्र आई तिच्यावर कायद्याने हक्क सांगते, शहरात साथीचा रोग पसरला आहे आणि चंद्रावरची राणी पृथ्वीच्या तरुण सम्राटावर डोळा ठेवून आहे. हा सगळा पसारा वाचकाला पेलतो तो एकाच कारणाने: नृत्याचा समारंभ होणार, मुलगी तेथे उशिरा पोहोचणार आणि पायरीवर काहीतरी मागे राहणार, हे त्याला ठाऊक असते. फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या 1697 च्या कथेतील काचेच्या चपलेच्या जागी येथे काय येते, हे ज्या प्रसंगात कळते तो प्रसंग मूळ कथा न ऐकलेल्या माणसाला निव्वळ अपघात वाटेल. ज्याने ती ऐकली आहे त्याला मात्र तेथे लेखिकेच्या हुशारीला दाद द्यावीशी वाटते. कथा चीनमध्ये नेण्यालाही आधार आहे. सिंड्रेलाच्या फार जुन्या लिखित रूपांपैकी एक, ये श्येन नावाच्या मुलीची गोष्ट, नवव्या शतकातील एका चिनी ग्रंथात आढळते आणि तिच्यातही हरवलेले पादत्राण आहे. मात्र या नव्या बीजिंगमध्ये नावे आणि पोशाख सोडले तर चिनी असे फारसे काही जाणवत नाही, ही तक्रार रास्त आहे.

याच्या शेजारी मॅडलिन मिलर यांची 2011 मधील ‘द साँग ऑफ अकिलीस’ ठेवली की पुनर्कथनाची दुसरी तऱ्हा दिसते. ही कादंबरी प्रौढ वाचकांसाठी प्रसिद्ध झाली, 2012 मध्ये तिला स्त्रियांनी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांसाठीचे ऑरेंज पारितोषिक मिळाले आणि जवळपास दहा वर्षांनी टिकटॉकवरील तरुण वाचकांनी तिला पुन्हा खपाच्या यादीत आणले. मायर सांगाडा ठेवून सगळे बदलतात. मिलर घटना जवळजवळ तशाच ठेवून सांगणारा बदलतात. ट्रोजन युद्धावरील होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यात अकिलीस या योद्ध्याचा जिवलग सोबती म्हणून येणारा पॅट्रोक्लस येथे स्वतः बोलतो, दोघांचे बालपण, तारुण्य आणि प्रेम सांगतो, आणि आपण ट्रॉयच्या रणांगणावर मरणार आहोत हे वाचकाला ठाऊक असताना सांगतो. होमरने या दोघांना कोठेही स्पष्टपणे प्रेमी म्हटलेले नाही. पण प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या आज तुकड्यांतच उरलेल्या एका नाटकात आणि प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये त्यांच्याकडे तसेच पाहिलेले आहे, त्यामुळे ही लेखिकेची आजच्या चवीसाठी केलेली जोड आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल.

येथे मराठी वाचकाची एक सोय आहे आणि एक अडचण. ‘मृत्युंजय’ वाचलेल्या कोणालाही महाकाव्यातील पात्राने आपली बाजू स्वतःच्या तोंडाने सांगणे नवे नाही. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन असे एकेक निवेदक आणून शिवाजी सावंतांनी 1967 मध्येच ती रीत घरोघर पोहोचवली, आणि त्याच वर्षी आलेल्या ‘युगान्त’मध्ये इरावती कर्वे यांनी तीच माणसे कादंबरीचा आधार न घेता कठोरपणे तपासली. कर्णाच्या रथाचे चाक रुतणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असल्यामुळेच त्याचे प्रत्येक दान आपल्याला टोचते. पॅट्रोक्लसच्या बाबतीत मात्र ही माहिती आपल्यापैकी बहुतेकांकडे नसते. ‘इलियड’च्या सोळाव्या सर्गात तो अकिलीसचे चिलखत घालून लढायला जातो आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या हातून मारला जातो, एवढेही ठाऊक नसलेल्या वाचकाला कादंबरीच्या पूर्वार्धातील शांत दिवस लांबलेले वाटतात, ठाऊक असणाऱ्याला तेच दिवस संपू नयेत असे वाटते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की मिलर यांची कादंबरी उघडण्याआधी ट्रोजन युद्धाची गोष्ट, निदान पाच-सहा पानांची का होईना, एकदा वाचून घ्यावी. रहस्य फुटेल ही भीती येथे अनाठायी आहे. आणि तेवढीही तयारी नको असेल, तर आधी ‘सिंडर’ घ्यावी, कारण सिंड्रेला सर्वांना येते.

कॉमिक्समध्ये ॲलिस ओसमन यांची ‘हार्टस्टॉपर’ ही मालिका सध्या नवख्या वाचकाला सर्वाधिक सुचवली जाते आणि ती शिफारस बहुतांशी योग्य आहे. 2016 मध्ये ती इंटरनेटवर पानापानाने येऊ लागली, 2018 मध्ये वाचकांच्या वर्गणीतून पहिला छापील खंड निघाला, पुढे मोठ्या प्रकाशनाने ती घेतली आणि 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर तिची मालिका आली. इंग्लंडमधील मुलांच्या शाळेत शिकणारे चार्ली आणि निक यांची ही प्रेमकथा आहे, पण तिची रचना प्रेमकथेच्या नेहमीच्या हिशेबात बसत नाही. जेनी हॅन यांच्याकडे नायक-नायिकेला जवळ आणायला अख्खी कादंबरी खर्ची पडते. येथे पहिल्या खंडाच्या अखेरीसच चुंबन होऊन जाते आणि दुसऱ्या खंडात दोघे एकत्र आलेले असतात. उरलेले खंड नंतरच्या काळाबद्दल आहेत: घरी कसे सांगायचे, मित्रांना कधी सांगायचे, आणि चार्लीचे खाण्याशी बिघडलेले नाते व मानसिक आजार यांपुढे केवळ प्रेम कोठे अपुरे पडते. चौथ्या खंडात निक हे ओळखून मोठ्यांची मदत घेतो, हा भाग किशोरवयीन वाचकाच्या हाती मुद्दाम द्यावा असा आहे.

चित्रांमुळे येथे आणखी एक फरक पडतो. कादंबरीत लारा जीनच्या मनात काय चालले आहे ते तीच सांगते. ‘हार्टस्टॉपर’मध्ये दोन चौकटी काहीच न बोलता जातात, एका चौकटीत बाकावरचे दोन हात तेवढे दिसतात आणि मध्ये किती वेळ गेला हे वाचकाने ठरवायचे असते. ज्यांना वाटते की कॉमिक्स म्हणजे वाचकाला कमी काम, त्यांनी हा खंड दोनदा वाचून पाहावा. पहिले वाचन एका बैठकीत संपते, आणि म्हणूनच किमतीच्या मानाने पुस्तक फार लवकर संपले अशी खंत अनेक पालक व्यक्त करतात. दुसऱ्या वाचनात ती बरीच कमी होते.

रेचल स्माइथ यांची ‘लोर ऑलिंपस’ या तिन्ही प्रकारांना एकत्र आणते. 2018 ते 2024 या काळात वेबटून या ऑनलाइन कॉमिक्सच्या मंचावर आलेल्या, आणि 2022 मध्ये सर्वोत्कृष्ट वेबकॉमिकचे आयस्नर हे अमेरिकेतील मानाचे कॉमिक्स-पारितोषिक मिळवलेल्या या मालिकेत पाताळाचा राजा हेडीस निळा आहे, त्याची प्रेयसी पर्सेफनी गुलाबी आहे, आणि देवांच्या हातांत मोबाइल आहेत. ती मोबाइलवर बोटाने वर सरकवत वाचण्यासाठीच रेखाटलेली आहे. एखादे पात्र खाली कोसळते तेव्हा वाचकही कितीतरी वेळ रिकामा रंग सरकवत राहतो. छापील खंडांत तीच चित्रे पानांत बसवावी लागल्यामुळे हा परिणाम पुष्कळ कमी होतो, म्हणून ही एक कृती मी पुस्तकाआधी पडद्यावर पाहण्यास सांगेन. मात्र तिच्याबद्दलची माझी शंका निराळी आहे. धान्यदेवता डिमिटर हिच्या प्राचीन ग्रीक स्तोत्रात ही कथा मुलगी हिरावली गेलेल्या आईची आहे: देवांचा राजा झ्यूस याच्या संमतीने पर्सेफनीचे अपहरण होते, आई पृथ्वीवर दुष्काळ आणते, आणि डाळिंबाचा दाणा खाल्ल्यामुळे मुलीला वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात काढावा लागतो. स्माइथ अपहरण काढून टाकतात, पर्सेफनीला स्वतःची इच्छा आणि स्वतःचा राग देतात, ही मोठी जमेची बाजू आहे. परंतु त्या बदल्यात आई बराच काळ अडथळा होऊन राहते, आणि वयाने व सत्तेने कितीतरी मोठ्या राजाचे आकर्षण फार गोड रंगांत रंगवले जाते. मिलर यांच्या कादंबरीत मूळ कथा माहीत असल्याने दुःख वाढते. येथे मूळ कथा माहीत असणारा वाचक सतत भांडत वाचतो. मला असे भांडण आवडते, पण ते सर्वांनाच आवडेल असे नाही.

वयाबाबत मुखपृष्ठावर विसंबू नये. यंग अडल्ट हे लेबल साधारणपणे बारा ते अठरा वर्षांच्या वाचकासाठी वापरले जाते, पण त्याच्या कडा सैल आहेत. ‘सौंदर्यवती आणि पशू’ या परीकथेवर बेतलेली सारा मास यांची 2015 मधील ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ प्रथम याच कपाटात होती आणि 2020 मध्ये नव्या मुखपृष्ठांसह प्रौढांच्या कपाटात गेली. मजकूर मात्र सुरुवातीपासूनच प्रौढांचा होता. येथील पाच कृतींपैकी ‘सिंडर’ तेरा वर्षांच्या मुलाला निर्धास्तपणे द्यावी. जेनी हॅन यांची कादंबरी आणि ‘हार्टस्टॉपर’चे पहिले दोन खंड चौदाच्या आसपास ठीक आहेत. ‘लोर ऑलिंपस’मध्ये लैंगिक अत्याचाराचा धागा बराच मोठा असून त्यासाठी प्रकरणांच्या आरंभी सूचना दिलेल्या आहेत, मिलर यांच्याकडे युद्धातील हत्या, गुलाम केलेल्या स्त्रिया आणि इफिजिनिया या राजकन्येचा बळी आहे. या दोन्ही कृती सोळाच्या पुढे बऱ्या, आणि घरात कोणीतरी त्या आधी वाचलेल्या असल्या तर अधिक बऱ्या.

मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी वाचनाचा सराव वाढवू पाहणाऱ्यांसाठी क्रम थोडा वेगळा लागेल. ‘हार्टस्टॉपर’मधील वाक्ये तुटक आणि बोलीतील आहेत, त्यामुळे अडखळायला होत नाही, पण त्यातून शब्दसंग्रह फारसा वाढत नाही. जेनी हॅन यांचे वर्तमानकाळातील प्रथमपुरुषी निवेदन सर्वांत सुगम आहे. मायर यांचे काल्पनिक यंत्रांचे आणि रोगाचे शब्द पहिली काही प्रकरणे दमवतात आणि मग आपोआप अंगवळणी पडतात. मिलर यांची वाक्ये लहान असली तरी ग्रीक नावांची दाटी आहे. शेवटी दिलेली पात्रांची सूची खूण घालून जवळ ठेवावी.

खर्चाचा विचार करणाऱ्याने मालिकेची लांबीही पाहावी. ‘सिंडर’ अर्ध्या वाटेवर थांबते. तिच्यामागे लाल टोपीवाली मुलगी, रॅपन्झेल आणि हिमगौरी यांच्यावर बेतलेल्या आणखी तीन कादंबऱ्या आहेत, आणि 2015 मध्ये आलेली शेवटची आठशेहून अधिक पानांची आहे. जेनी हॅन यांची त्रिधारा 2017 मध्ये संपली, पण पहिल्या पुस्तकाचा शेवट लारा जीन नवे पत्र लिहायला बसते तेथेच होत असल्यामुळे निदान दुसरे पुस्तक घ्यावेच लागते. ‘हार्टस्टॉपर’चे पहिले दोन खंड एकत्रच विकत घ्यावेत, कारण पहिला खंड ऐन मोक्याच्या क्षणी तुटतो. एकच पुस्तक घ्यायचे आणि ते त्याच पुस्तकात पुरे व्हावे अशी अट असेल, तर या पाचांत फक्त ‘द साँग ऑफ अकिलीस’ उरते.