कुरसुरा पाणबुडी, विशाखापट्टणम: आजोबांचा कप्पा शोधायला जाताना

नौदलाची ही जुनी पाणबुडी आता संग्रहालय आहे आणि छान जपली आहे. पण आत यंत्रांची माहिती जेवढी मिळते तेवढी माणसांची मिळत नाही. आजोबा १९७१ च्या युद्धात पाणबुडीवर होते म्हणून घरचे सगळे ती बघायला आर. के. बीचवर (विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर) जाणार असाल, तर त्यांचं नेमकं काम कोणतं होतं ते जुन्या कागदपत्रांत आधी बघा. आत कुठल्या कप्प्यात थांबायचं, हे त्यावरून ठरतं.

कप्पे सात. पहिल्यात टॉर्पेडोच्या सहा नळ्या, सातव्यात चार. दुसऱ्या आणि चौथ्यात राहायची जागा आणि पायाखाली बॅटऱ्या. तिसरा नियंत्रण कक्ष, पेरिस्कोप तिथेच. पाचव्यात तीन डिझेल इंजिनं, सहाव्यात विजेच्या मोटारी. इंजिनाला हवा लागते, म्हणून खोल पाण्यात फक्त मोटारी चालत. बॅटरी उतरली की वर येऊन किंवा स्नॉर्केल (हवा घेणारी नळी) पाण्याबाहेर काढून इंजिन सुरू करावंच लागे. आजोबा उकाड्याबद्दल आणि डिझेलच्या वासाबद्दल बोलत असतील, तर पाचव्यातच रेंगाळा. ९१ मीटर लांबीत ७५ माणसं कशी राहत, ते सातव्यातल्या बंकांवरून कळतं.

आजोबा कलवरी, खांदेरी किंवा करंज या पाणबुड्यांवर असले तरी इथेच या. कुरसुरासह चौघी एकाच, सोव्हिएत बनावटीच्या फॉक्सट्रॉट वर्गातल्या, पण संग्रहालय म्हणून उभी आहे ती कुरसुराच. (खांदेरी हे नाव आपल्या किल्ल्याचं, तीच राहिली असती तर!)

गाईड बहुतेक निवृत्त नौसैनिक असतात. आजोबांचं नाव, काम, वर्षं त्यांना आत शिरण्याआधीच सांगा. आत मागची रांग ढकलत असते, बोलायला उसंत नसते. फोटो दाखवायचा तर छोटी प्रत खिशात ठेवा. मोठी फ्रेम अरुंद वाटेत अडते.

कप्प्यांमधली गोल दारं हीच खरी अडचण. आधी एक पाय, मग वाकून डोकं, शेवटी दुसरा पाय. घाई केली की कपाळाला टेंगूळ. गुडघे दुखणाऱ्या आजीला आत नेण्याचा हट्ट नको, साडीत तर नकोच. त्यांना बाहेरून पाणबुडी दाखवा आणि जवळच्या ‘व्हिक्टरी ॲट सी’ या १९७१ च्या युद्धाच्या स्मारकापाशी बसवा. फुलंही तिथेच वाहा, आत ठेवायला जागा नाही.

संग्रहालय सोमवारी बंद असतं.