चेरी श्रिंपच्या टाकीत स्पंज फिल्टर : काही महिन्यांच्या वापरानंतर

चेरी श्रिंपची, म्हणजे घरच्या टाकीत पाळतात त्या गोड्या पाण्यातल्या छोट्या कोळंबीची, पिल्लं जगवायची असतील तर हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्या. महागड्या फिल्टरची गरज नाही, हे माझं मत वापरून पक्कं झालंय.

चेरीची मादी अंडी पोटाखाली धरून तीन-चार आठवडे त्यांवर पाणी खेळवत असते. पिल्लं बाहेर येतात ती थेट मोठ्यांसारखीच, फक्त दोनेक मिलिमीटरची. अमानो श्रिंपच्या अळ्यांना लागतं तसं खारं पाणी यांना लागत नाही. पण एवढासा जीव मोटरच्या फिल्टरच्या जाळीतून सहज आत ओढला जातो. स्पंजला ती भीती नाही.

त्याहून मोठा फायदा मुरलेल्या स्पंजचा. त्यावर जिवाणू-शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो आणि पिल्लं तासन् तास तोच खरवडत बसतात. सुरुवातीला ती अन्न शोधत लांब जात नाहीत, त्यामुळे जिथे आहेत तिथेच खायला असणं फार मोलाचं. माझ्या टाकीत सर्वांत जास्त पिल्लं दिसतात ती स्पंजवर, मग जावा मॉस या पाणवनस्पतीत. म्हणून नव्या टाकीत घाई नको. पाण्यातले विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यानंतरही काही आठवडे थांबा, थर धरू द्या, मग श्रिंप सोडा.

स्पंज नळाखाली कधीच धुवू नका, क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात. पाणी बदलताना टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात हलकेच पिळायचा. पाणीही थोडं थोडंच बदला. एकदम खूप बदललं की श्रिंप अवेळी कात टाकतात आणि त्यात दगावतात. जीएच, म्हणजे पाण्याचा कठीणपणा, मी ६ ते ८ च्या दरम्यान ठेवते. पाण्यात कॅल्शियम कमी पडलं तर नवं कवच नीट धरत नाही. तांबं असलेलं माशांचं औषध मात्र या टाकीत थेंबभरही नको.

उणिवा आहेत. पंपाची घरघर रात्री जाणवते, छोट्या टाकीत स्पंज बरीच जागा खातो, आणि तळाचा गाळ तो उचलत नाही, तो नळीने काढावा लागतो. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात उतरतं.

घेताना दोन स्पंजवालाच घ्या. आलटून पालटून धुता येतात, म्हणजे एकावरचा थर कायम राहतो आणि पिल्लांचं खाणं तुटत नाही.