“मी ढच आहे”: समजूत घालावी की ऐकून घ्यावं?

गणित चुकलं. खोडरबर इतका घासला की पान फाटलं, आणि मुलगी पुटपुटली, “मी ढच आहे.”

आपल्या तोंडून लगेच निघतं, “छे, किती हुशार आहेस तू!” हेतू चांगलाच, पण तिला एवढंच कळतं की हे बोलायचं नसतं. पुढच्या वेळी ती मनातच म्हणते. किशोरवयात तर अशी स्तुती सरळ खोटी वाटते.

दुसरी वाट संथ आहे. “खूप वैताग आलाय ना?” एवढं विचारून गप्प बसायचं. (हे गप्प बसणंच अवघड!) ती शांत झाली की विचारायचं, “सगळंच येत नाही, की हे एकच अडलंय?” मनात आपोआप उमटणारे विचार असे तपासून पाहायची पद्धत अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960च्या दशकात उपचारात आणली. माझा कौल हिलाच. घाईत असताना मात्र पाठीवरचा हातही पुरतो.

उदासी, चिडचिड दोन आठवडे टिकली, झोप-भूक बिघडली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. “मी नसलेलीच बरी” असं ऐकू आलं, तर त्याच दिवशी. आणि तोवर तिला एकटं सोडू नये.