हॅमस्टरसाठी जाळीचा पिंजरा की काचेची टाकी?

सोलापुरात पहिला प्रश्न उन्हाचा. हॅमस्टरला १८ ते २६ अंश मानवतात. इथे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. काचेची टाकी बंदिस्त असते, खिडकीतलं ऊन पडलं की भट्टी होते. जाळीतून वारा खेळतो.

पण हॅमस्टर बिळात राहणारा प्राणी. त्याला किमान १५-२० सेंटीमीटर भुसा लागतो. टाकीत तो सहज मावतो. पिंजऱ्याचा ट्रे उथळ, उकरलेला भुसा घरभर. बिळाला जागा नसली की बरेच हॅमस्टर गज चावत बसतात, नाकावरचे केस जाऊन कातडी सोलवटते. बुटक्या जातीची पिल्लं तर १ सेंटीमीटरच्या फटीतूनही निसटू शकतात.

धुणं पिंजऱ्याचं सोपं, टाकी उचलायला दोघं लागतात.

पत्र्याखालचं, तापणारं घर असेल तर खोल ट्रेचा, गजांत बारीक फट असलेला पिंजरा घ्या. खालची थंड खोली किंवा कूलर असेल तर टाकीच, पण झाकण जाळीचं हवं. कूलरचा झोत थेट नको. दोन्हींत मातीची छोटी कुंडी आडवी ठेवा. दुपारी तो तिच्यातच पसरतो.