लग्नपत्रिकांच्या फायली आणि चार टीबीच्या दोन डिस्क

सीगेटची आयर्नवुल्फ आणि डब्ल्यूडीची (वेस्टर्न डिजिटलची) रेड प्लस या दोन हार्ड डिस्क, दोन्ही चार-चार टीबीच्या, मी मागच्या लग्नसराईनंतर घेतल्या. पावसाळा गेला, दिवाळीची गर्दी गेली, आता त्यांच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

बेळगावच्या शहापुरात आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वर्षश्राद्धाची कार्डं, जत्रेची हँडबिलं, दुकानांच्या पाट्या. वर मराठी श्रीलिपीच्या फाँटात, खाली कन्नड नुडीच्या, आणि सगळं कोरल ड्रॉमध्ये. जुन्या फायली युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखी दिसायची सोय व्हायच्या, आधीच्या. फाँट नसेल तर नवरामुलगा कुठला आणि मामा कुठला हेसुद्धा कळत नाही, म्हणून फायलींबरोबर फाँटही सांभाळावे लागतात. गिऱ्हाईकाला वाटतं, एकदा छापलं की ते आमच्याकडं जन्मभर असतंय. "काय री मालक, थोरल्याची पत्रिका हाय न्हवं तुमच्याकडं? तशीच काढा, नावं तेवढी बदला." थोरल्याची पोरं एव्हाना शाळेत जायला लागलेली असतात. २०२४ साली कर्नाटकात पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम आला, तेव्हा तर मला कितीतरी दुकानांच्या जुन्या पाट्या उकरून काढाव्या लागल्या. ज्याची फाईल सापडली त्याचं काम पटकन झालं. ज्याची नाही, त्याचा लोगोसुद्धा नव्यानं काढावा लागला.

तर प्रश्न नेहमीचाच, कुठल्या कंपनीची घ्यायची? दुकानदाराला विचाराल तर त्याच्याकडं जी शिल्लक असेल ती चांगली. मित्रांना विचाराल तर एक सीगेटला शिव्या घालतो, दुसरा डब्ल्यूडीला, आणि दोघांचंही मत एकेका मेलेल्या डिस्कवर बनलेलं असतं. फिरत्या तबकडीच्या डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच उरल्यात: सीगेट, डब्ल्यूडी आणि तोशिबा. मॅक्सटर २००६ मध्ये सीगेटकडं गेली, सॅमसंगचा डिस्कचा धंदा २०११ मध्ये. आयबीएमचा धंदा हिताचीनं घेतला आणि हिताचीचा २०१२ मध्ये डब्ल्यूडीनं. आमच्या पहिल्या कॉम्प्युटरच्या काळातली निम्मी नावं अशी या तिघांच्या पोटात गेली.

बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी लोकांचा बॅकअप ठेवते आणि आपल्याकडच्या हजारो डिस्कचा हिशेब २०१३ पासून जाहीर करते. सीगेटची एसटी३०००डीएम००१ ही तीन टीबीची डिस्क तिथं इतकी मेली की २०१६ मध्ये अमेरिकेत सीगेटवर त्यावरून दावा दाखल झाला. आणि त्याच हिशेबात सीगेटचीच सहा टीबीची एक डिस्क वर्षानुवर्षं उत्तम टिकलेली दिसते. लेबल एकच. मी तेव्हापासून कंपनी विचारायचं सोडलं आणि मॉडेल नंबर बघायला लागलो.

आता मुख्य गोष्ट. डिस्क सीएमआर आहे की एसएमआर, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. या डिस्कवर लिहायच्या दोन पद्धती. सीएमआरमध्ये तबकडीवर माहितीच्या रेघा शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये जागा वाचवायला त्या मंगळुरी कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची रांग उचलावी लागते. म्हणजे वाचताना काही कळत नाही, पण जुन्या फायलींवर सारखं लिहायला लागलात की डिस्क रांगायला लागते. एकदा भरून कपाटात ठेवायची असेल तर एसएमआर चालेल. रोज पन्नास फायली उघडून सेव्ह करणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. सीगेटच्याच बाराकुडाच्या दोन आणि चार टीबीच्या नेहमीच्या डेस्कटॉप डिस्क एसएमआर आहेत. डब्ल्यूडीनं तर रेडच्या काही मॉडेलमध्ये न सांगताच एसएमआर घातलं होतं. २०२० मध्ये ते उघड झालं, बोंबाबोंब झाली, मग रेड प्लस म्हणून सीएमआरची वेगळी फळी आली. आयर्नवुल्फ सगळी सीएमआर. म्हणून या दोन घेतल्या. दोन्हींना तीन वर्षांची वॉरंटी आहे. बाराकुडापेक्षा महाग पडतात, हे खरं.

गावातल्या दुकानात मी "सीएमआर आहे ना?" असं विचारलं, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "अण्णा, चार टीबी हाय की!" मग त्यानं जांभळ्या लेबलाची, सीसीटीव्हीची काढून दिली, कारण कॅमेरावाले तीच नेतात. तीही वाईट नाही, कॉम्प्युटरला चालते. खरं ती रात्रंदिवस व्हिडिओ लिहीत राहण्यासाठी जुळवलेली असते, आणि माझ्याकडं कॅमेरे नाहीत. मला पाहिजे त्या दोन त्यानं डीलरकडून मागवून दिल्या. पोरगा चांगला आहे, सीरियल नंबर फोनवर तपासू दिला आणि तोंड वाकडं केलं नाही.

हा नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून बघायचाच. बाहेरच्या देशासाठी आलेला माल स्वस्तात मिळतो आणि इथं वॉरंटी लागत नाही. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात चिया नावाच्या क्रिप्टोच्या खाणकामात झिजलेल्या सीगेटच्या एक्सॉस डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातले, वापराचे तास शून्य करून ठेवलेले, पण फार्म नावाच्या आतल्या नोंदीत खरे तास सापडले. तिथं हे होतंय तर आपल्याकडं ऑनलाईन सेलमध्ये काय येत असेल?

घरी आणल्यावर फॉरमॅट करताना क्विकची टिक काढली. चार टीबीला पूर्ण फॉरमॅट म्हणजे रात्रभराचं काम, पण त्यात सगळी तबकडी एकदा लिहून होते. मग स्मार्टचे आकडे दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब जागांच्या ओळी बघितल्या, तिन्हींत शून्य. या ओळी मी महिन्याला बघतो. गूगलनं २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. डिस्क स्वतःला तपासताना पहिली चूक (स्कॅन एरर) सापडली की पुढच्या ६० दिवसांत डिस्क मरायची शक्यता ३९ पट होते, असं त्यात निघालं. त्यातच असंही आहे की मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी स्मार्टमधल्या महत्त्वाच्या चार इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. म्हणजे आकडे शून्य आहेत म्हणून झोपून राहायचं नाही.

वापरात रेड प्लस शांत. आयर्नवुल्फ फायली शोधताना कुरकुरते, दुपारी गिऱ्हाईक नसताना स्पष्ट ऐकू येतं. वेग दोन्हींचा माझ्या कामाला पुरून उरतो. विंडोज दोन्ही ३.६३ टीबी दाखवते. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. आयर्नवुल्फवर रोजचं काम, रात्री त्याची नक्कल रेड प्लसवर. दोन वेगळ्या कंपन्या घेतल्या त्याचं कारण एवढंच, एकाच खोक्यातल्या दोन डिस्क एकाच दोषानं एकाच आठवड्यात जाऊ शकतात.

पावसाळ्यात आमच्या गल्लीत लाईटचा खेळ चालतो. लाईट गेली तरी फिरत्या तबकडीच्याच जोरावर डिस्क आपलं लिहिणारं-वाचणारं हेड बाजूला नेऊन ठेवते. अर्धवट लिहिलेली कोरलची फाईल मात्र गेलीच. यूपीएसची बॅटरी वेळेवर बदला, बाकी यात बोलण्यासारखं नाही.

तिसरी प्रत पोर्टेबल डिस्कवर, गडहिंग्लजला बहिणीकडं. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या जिल्ह्यात पूर आला तेव्हापासून सगळं एका छपराखाली ठेवायचा धीर होत नाही. पोर्टेबल घेताना एक बघा, डब्ल्यूडीच्या बऱ्याच माय पासपोर्टमध्ये यूएसबीचं तोंड डिस्कच्या सर्किटलाच जोडलेलं असतं. ते मोडलं तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येत नाही. ज्यांची केबल सारखी हिसकली जाते त्यांनी विचार करावा.

वॉरंटीचा मला एकदा अनुभव आहे, कंपनीचं नाव घेत नाही. डिस्क बदलून मिळाली, पण कंपनीनं दुरुस्त केलेली जुनी. आणि गेलेल्या डिस्कमधला माल त्यांच्या हिशेबात कुठंच नव्हता. तरी वॉरंटी सोडू नका. दुकानाची पावती थर्मल कागदाची असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढून डिस्कच्या खोक्यात टाका, कारण ती अक्षरं तीन वर्षं टिकत नाहीत.