चौकशीला आव्हान द्यावं की शिक्षेला?

बेकायदा संपाला चिथावणी दिल्याच्या आरोपावरून बडतर्फ झालेल्याला वकील पहिल्या काही भेटींतच विचारतात : खातेनिहाय चौकशीच अन्यायाची झाली म्हणायचं, की चौकशी मान्य करून निष्कर्ष आणि शिक्षेवर लढायचं?

मी पहिला रस्ता धरला. ज्या गेट मीटिंगवरून (कंपनीच्या दारातल्या सभेवरून) मी बडतर्फ झालो, तिच्यावरूनच चार्जशीट मिळालेल्या माझ्या सहकाऱ्याने दुसरा.

माझ्या मनात राग होता. चौकशी अधिकारी कंपनीनेच नेमलेला, माझे दोन साक्षीदार त्याने नाकारले. कामगार न्यायालयाने चौकशी अयोग्य ठरवली तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण त्यानंतर कंपनीला तोच आरोप न्यायालयात नव्याने सिद्ध करायची संधी मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या 1973 च्या फायरस्टोन आणि 1975 च्या कूपर इंजिनिअरिंग निकालांपासून हे पक्कं आहे. ही मुभा कंपनीने आपल्या कैफियतीतच, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरातच, मागायची असते. ती मागितली आहे का, एवढं आधी जरूर बघा. सहसा मागितलेली असते.

मला सगळ्यात लागलं ते पुढचं. चौकशीत सुरक्षारक्षकाने उलटतपासणीत सांगितलं होतं, ‘गर्दी होती, कोण काय बोललं ते ऐकू आलं नाही.’ माझी सगळी भिस्त या एका उत्तरावर होती. चौकशी रद्द झाली आणि तिच्यातला पुरावाही बाजूला पडला. काही वर्षांनी तोच रक्षक न्यायालयात आला आणि माझ्या तोंडचं म्हणून अख्खं वाक्य सांगून गेला. जुनं उत्तर दाखवल्यावर म्हणाला, तेव्हा घाबरलो होतो. तोवर माझा एक साक्षीदार वारला होता, दुसरा गावी गेला होता.

सहकाऱ्याने चौकशीची पद्धत मान्य असल्याची पुरसीस (न्यायालयात द्यायचं लेखी निवेदन) दिली आणि रक्षकाच्या त्याच उत्तरावर थेट युक्तिवाद झाला. बेकायदा संपात नुसतं सामील होणं बडतर्फीला पुरत नाही, प्रत्येकाचा स्वतःचा वाटा दाखवावा लागतो, हे 1979 च्या गुजरात स्टील ट्यूब्ज निकालाचं सूत्र त्याच्या कामी आलं. शिक्षा कमी करण्याचा अधिकार न्यायालयाला औद्योगिक विवाद कायद्याच्या 11-अ कलमाने होताच. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तो ठेवला आहे. माझ्या दाव्यात पुरावा चालू असतानाच सहकारी निम्म्या मागील वेतनासह कामावर परतला.

दोन दावे सारखे नसतात, हे मला मान्य आहे. चार्जशीट हातातच पडली नसेल, चौकशी एकतर्फी उरकली असेल, उलटतपासणीच करू दिली नसेल, तर कागदावर तुमच्या बाजूचं काहीच नसतं. तेव्हा पहिला रस्ताच बरा. पण उलटतपासणी झाली असेल तर दाव्यावर सही करण्याआधी चौकशीच्या कागदांची पूर्ण प्रत मागवा आणि कंपनीच्या साक्षीदारांची उत्तरं वकिलांसोबत बसून ओळ न् ओळ वाचा. ‘चिथावणी’चे नेमके शब्द एकालाही सांगता आले नसतील, तर मी आज ती चौकशी रद्द करा म्हणणार नाही.