गरजू तरुणांना कामाला लावायचंय: चार वाटांपैकी कोणती निवडाल?

आसपासच्या, परिस्थितीने मागे पडलेल्या मुलामुलींना आपल्या व्यवसायात काम द्यायचं असं मनाशी ठरलं, की पुढचा प्रश्न उभा राहतो: द्यायचं कसं? चांगल्या मनाने पण चुकीची वाट धरली, तर सहा महिन्यांनी मालक वैतागतो आणि मुलगा पुन्हा घरी बसतो. नुकसान त्या मुलाचंच जास्त होतं, कारण ‘आपल्याला जमत नाही’ हे त्याच्या मनात पक्कं बसतं.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे सुट्टीतलं किंवा दोन-तीन महिन्यांचं पगारी काम. शिकागोत 2012 च्या उन्हाळ्यात हिंसाचारग्रस्त भागांतल्या शाळांमधल्या मुलांना 8 आठवडे, आठवड्याला 25 तास असं काम दिलं गेलं. काम न मिळालेल्यांच्या तुलनेत पुढच्या 16 महिन्यांत त्यांना हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका 43 टक्क्यांनी कमी होत्या. न्यूयॉर्कमध्ये सोडत काढून काम देणाऱ्या अशाच योजनेत तुरुंगवास आणि अकाली मृत्यू कमी झाले, पण नंतरच्या वर्षांतली कमाई वाढली नाही. म्हणजे या वाटेने मूल सावरतं, पण रोजगाराचा प्रश्न सुटत नाही. शाळकरी वयासाठी ती उत्तम आहे. पंचविशीकडे झुकलेल्या, घर चालवायची जबाबदारी असलेल्या तरुणाला तीन महिन्यांचं काम देऊन निरोप देणं मात्र मला क्रूर वाटतं.

खरी निवड पुढच्या दोन वाटांमध्ये आहे: स्वतःच्या कारखान्यात हाताखाली घेऊन शिकवायचं, की आधी प्रशिक्षण संस्थेत शिकू द्यायचं आणि मग कामावर घ्यायचं?

युगांडात नेमकी हीच तुलना झाली, तीही गरीब घरांतल्या तरुणांवर. काहींना छोट्या व्यवसायांत सहा महिने कामावरच शिकवलं आणि त्यासाठी मालकांना अनुदान दिलं. काहींना तेवढाच काळ संस्थेत वेल्डिंग, गाडी दुरुस्ती, शिवणकाम, केशकर्तन यांसारखं एखादं कौशल्य शिकवून प्रमाणपत्र दिलं. कामावर शिकलेल्यांच्या हाताला लगेच काम लागलं, तर संस्थेतल्यांना सुरुवातीला वाट पाहावी लागली. पण पुढच्या काही वर्षांत चित्र पालटलं. पहिलं काम सुटल्यावर संस्थेत शिकलेल्यांना दुसरं काम लवकर मिळालं आणि कमाईतही ते पुढे गेले. कामावर शिकलेल्यांकडेही कौशल्य होतंच, पण ते नव्या मालकाला दाखवायला हातात काही नव्हतं.

माझ्या मते या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुम्ही किती प्रेमाने शिकवलंत, हे तुमच्या दाराबाहेर कुणाला दिसत नाही. जर्मनीतली उमेदवारीची पद्धत टिकून आहे ती यामुळेच: आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, उरलेले व्यवसाय-शाळेत आणि शेवटी उद्योग मंडळाची परीक्षा. ते प्रमाणपत्र देशभर चालतं. ‘मग शिकून तो दुसरीकडे जाईल,’ ही मालकांची धास्ती खरी आहे, काही जण जातातच. पण अडकून पडला म्हणून थांबलेला कामगार काय जीव ओतून काम करणार?

चौथी वाट दार सरळ उघडण्याची. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समधल्या, 1982 साली सुरू झालेल्या ग्रेस्टन बेकरीत मुलाखत नाही, पूर्वेतिहासाची चौकशी नाही. यादीत नाव लिहायचं, पाळी आली की काम शिकायला लागायचं. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही आणि ज्यांना दारातूनच परत पाठवलं जातं, अशांना ही एकच वाट खुली असते. पण राहण्याची सोय, मुलांना सांभाळणं अशा अडचणींत आधार देणारं कुणी सोबत नसेल, तर नुसतं दार उघडून भागत नाही.

निर्णय असा घ्या. शिकवायला वेळ देणारा जुना, समजूतदार कारागीर तुमच्याकडे असेल, तर हाताखाली घ्या आणि जवळच्या संस्थेकडून परीक्षेची सोय करा. असा माणूस नसेल, तर संस्थेशी हातमिळवणी करा. मात्र तिथे काय शिकवायचं ते त्यांच्यासोबत बसून ठरवा आणि शिकून आलेल्यांना घेण्याचा शब्द आधी द्या. कामं लवकर शिकता येण्यासारखी असतील आणि माणसं सतत लागत असतील, तर दार उघडायला हरकत नाही.

वाट कोणतीही असो, जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पत्र द्या. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रयोगात अर्जासोबत आधीच्या मालकाचं शिफारसपत्र जोडल्यावर मालकांकडून बोलावणं येण्याचं प्रमाण सुमारे 60 टक्क्यांनी वाढलं. ‘चांगला मुलगा आहे’ एवढंच लिहू नका. किती महिने काम केलं, कोणती यंत्रं एकट्याने चालवली, वेळेवर येत होता का, हे लिहा आणि खाली सही करून आपला फोन नंबर द्या.